कातळावरच्या कलमाचा सोबती



रत्नागिरीच्या कातळावर हापूस लावायचा म्हणजे आधी सुरुंग. जांभा फोडून खड्डा करायचा, बाहेरून आणलेली माती भरायची, मग कलम. या तांबड्या मातीत स्फुरद असतं, पण लोह आणि ॲल्युमिनियम त्याला इतकं घट्ट धरून ठेवतात की मुळांच्या वाट्याला फार थोडं येतं. मुळांलगतचं संपलं की लांबचं आपणहून सरकत येत नाही.

ते आणून देते एक बुरशी. तिचे तंतू केसाहून बारीक. एक टोक मुळाच्या पेशीत शिरून इवल्या झाडासारखं फांदारतं, दुसरं मूळ पोचत नाही तिथवर माती धुंडाळतं. तिकडून स्फुरद येतं, इकडून साखर जाते. स्कॉटलंडमधल्या ऱ्हायनी गावाजवळच्या चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या दगडांत फांद्यांची हीच नक्षी जीवाश्म होऊन राहिली आहे. तिथल्या बहुतेक वनस्पतींना खरी मुळंही फुटलेली नव्हती!

२०१३ साली या बुरशींच्या गटातल्या ऱ्हायझोफॅगस इर्रेग्युलॅरिसचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. मला थक्क केलं ते त्यात जे नाही त्यानं. पालापाचोळा कुजवणाऱ्या बुरशींकडे वनस्पतीची पेशीभित्ती फोडणारी विकरं असतात. हिच्याकडे त्यांची जनुकं जवळजवळ उरलेलीच नाहीत. स्निग्धाम्लं घडवणारं मुख्य जनुकही गेलेलं. तीही झाडच पुरवतं, हे २०१७ मध्ये सिद्ध झालं. झाडाच्या घरात राहता राहता हिनं कोयता खाली ठेवला, आणि आता झाडावाचून तिला जगता येत नाही.

खोडावरचे करडे-हिरवट पापुद्रे हाही असाच संसार आहे, बुरशी आणि शैवालाचा. आपल्या मसाल्यातलं दगडफूल त्यातलंच. बांडगूळ फांदीत घुसून रस ओढतं, ते काढायलाच हवं. हे पापुद्रे सालीवर नुसते बसलेले असतात. ते खरवडू नका.

आणि नव्या खड्ड्यात कलम लावताना निरोगी जुन्या आंब्याखालची दोन ओंजळी माती मुळांलगत घाला. तिच्यात या बुरशीचे तंतू आणि बीजाणू असतात. सुपर फॉस्फेट मात्र हात राखून द्या. स्फुरद आयतं मिळू लागलं की झाड या सोबत्याला थारा कमी देतं, आणि मुळातली ती नक्षी विरळ होत जाते.