काळजी मिटली, तरी जीव थाऱ्यावर का येत नाही?

कर्ज फिटलं, दवाखान्यातलं माणूस घरी आलं, मुलीचं लग्न पार पडलं. घरातले म्हणतात, आता तोंड पाडून बसायला काय झालं? बाईलाही स्वतःचं नवल वाटतं. झोप लागत नाही, कशात जीव रमत नाही. आज आम्ही याच्याबद्दलच बोलणार आहोत, आणि गंमत अशी की याच्या उत्तराचा एक धागा गणितवाल्यांनी शोधलाय.

धसका बसला की मेंदूतून एक निरोप निघतो. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या, वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो. ती रक्तातून दुसरा निरोप धाडते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींना. त्या कॉर्टिसॉल सोडतात. त्यानं रक्तात साखर वाढते, अंगात बळ येतं. पुरेसं झालं की कॉर्टिसॉलच वर कळवतं, आता बास. ते काही वैरी नाही. त्याच्याशिवाय सकाळी अंथरुणातून उठायचं बळही येणार नाही.

आता हिशेब. आपल्या गटाच्या वहीत जमा किती, खर्च किती, शिल्लक किती असं लिहितो ना? शास्त्रज्ञही तसंच मांडतात: मिनिटाला कॉर्टिसॉल किती तयार झालं, किती संपलं. पण या वहीप्रमाणे ताण गेल्यावर सगळं दिवसभरात जाग्यावर यायला हवं, कारण रक्तातलं कॉर्टिसॉल तासा-दीड तासात निम्मं होतं. माणसांत मात्र बिघाड आठवडेच्या आठवडे दिसतो. मग वहीत काय राहिलं?

२०२० साली इस्राएलमधल्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी वहीत एक रकाना वाढवला: ग्रंथींचा आकार. दुधाच्या धंद्यातल्या बायांना हे चटकन कळेल. एखाद्या दिवशी दूध जास्त लागलं तर घरचं कमी करून भागवतो. पण मागणी महिनोन् महिने वाढलेलीच राहिली, तर म्हशी वाढवतो. पुढे मागणी एका दिवसात घटली, तरी म्हशी गोठ्यातच असतात आणि दूध येतच राहतं. तसंच, ताण लांबला की या ग्रंथी हळूहळू वाढतात. ताण संपल्यावर अ‍ॅड्रिनल मोठीच असते, म्हणून पिट्युटरीला आवाज खाली आणावा लागतो. या गणितात कॉर्टिसॉल आधी ताळ्यावर येतं, पण पिट्युटरीचा प्रतिसाद त्यानंतरही काही आठवडे मंद राहतो.

बाळंतपणातही हेच घडतं. पोटुशीपणी वारेतूनही तो पहिला निरोप रक्तात येत असतो. वार पडली की तो एकदम बंद. अमेरिकेत १९९६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात बाळंतिणी तपासल्या होत्या. तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात पिट्युटरीचा प्रतिसाद मंद होता, बाराव्या आठवड्याला पूर्ववत झाला. ज्यांना बाळंतपणानंतर उदासी आली, त्यांच्यात हा मंदपणा जास्त होता. आपल्याकडे सव्वा महिना झाला की बाळंतीण कामाला लागते. पुष्कळ घरी तर तेवढाही मिळत नाही. बारा आठवडे म्हणजे सव्वा महिन्याच्या दुपटीहून जास्त, हे सासवांनी आणि नवऱ्यांनीही ऐकून ठेवावं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. नैराश्य म्हणजे नुसतं कॉर्टिसॉल नव्हे. नैराश्य असलेल्या काहींचं ते वाढलेलं सापडतं, सगळ्यांचं नाही. म्हणून कुणी रक्ताच्या एका तपासणीवरून नैराश्य ओळखून देतो म्हणालं, तर पैसे घालू नका. हे गणित शरीर कसं सावरत असेल ते दाखवतं. अमक्या बाईला काय झालंय ते सांगत नाही.

आणि "आठवडे लागतात" म्हणजे गप्प सोसत राहा, असंही नाही. दोन आठवडे जवळजवळ रोज मन खिन्न असेल, आवडीचं काम नकोसं होत असेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात आलं, किंवा बाळंतीण बाळाकडे बघेनाशी झाली, तर दोन आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी न्या. सरकारचा टेली-मानस हा फोन चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नंबर लिहून घ्या: १४४१६. पुन्हा सांगतो, एक चार चार एक सहा.