'बंगाल'ची झुंज : रक्षक नौकेचा धर्म



आक्रमण करणाऱ्या युद्धनौकांचे पराक्रम सर्वांच्या स्मरणात राहतात. व्यापारी जहाजांना सोबत करणाऱ्या रक्षक नौकेचा पोवाडा मात्र सहसा कोणी गात नाही. तिचे यश दिसत नाही. सोबतचे जहाज बुडाले नाही आणि तेल वेळेवर बंदरात पोहोचले, एवढेच तिचे यश! अशाच एका हिंदी नौकेची ही कथा आहे.

दुसऱ्या महायुद्धात 'बंगाल' ही रॉयल इंडियन नेव्हीची नौका सिडनी येथे बांधून १९४२ साली सेवेत दाखल झाली. वजन जेमतेम साडेसहाशे टन, मुख्य तोफ एकच आणि तीही लहान. कप्तान लेफ्टनंट कमांडर विल्यम विल्सन ब्रिटिश होते. खलाशी बहुतांशी हिंदी होते. 'ओंडिना' या डच तेलवाहू जहाजाची सोबत करीत ही नौका ऑस्ट्रेलियातील फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाच्या दिशेने निघाली होती.

११ नोव्हेंबर १९४२ रोजी कोकोस बेटांच्या नैऋत्येस दोन जपानी जहाजे समोर आली : 'होकोकू मारू' आणि 'आइकोकू मारू'. प्रत्येकी दहा हजार टनांहून मोठी आणि १४० मिलिमीटर व्यासाच्या अनेक तोफांनी सज्ज. बळाचा हिशेब केला असता पळ काढणेच शहाणपणाचे ठरले असते. 'बंगाल'ने तेलवाहू जहाजाला निघून जाण्यास सांगितले आणि स्वतःचे तोंड शत्रूकडे वळवले. तोफेचा पल्ला तोकडा असल्याने शत्रूच्या जवळ गेल्यावाचून मारा करणे शक्य नव्हते.

'ओंडिना'चा वेग कमी होता. तिनेही आपल्या एकमेव तोफेने झुंज दिली. थोड्याच वेळात 'होकोकू मारू'वर भीषण स्फोट झाला आणि ते बुडाले. निर्णायक गोळा कोणत्या जहाजाचा, याविषयी पुढे मतभेद झाले. दारूगोळा संपत आल्यावर 'बंगाल' धुराचा पडदा सोडून बाजूला झाली. 'ओंडिना'चे कप्तान मारले गेले. जीवरक्षक होड्यांतील माणसांवरही जपान्यांनी गोळ्या झाडल्या. तरीही ते जहाज बुडाले नाही. शत्रू निघून गेल्यावर वाचलेले खलाशी पुन्हा त्यावर चढले आणि त्यांनी ते फ्रीमँटलला परत नेले. 'बंगाल'ही सुखरूप दिएगो गार्सियाला पोहोचली.

येथे एक प्रश्न उभा राहतो. ज्या नौकेवर परक्यांचा ध्वज होता, तिचा पराक्रम आपला मानावा काय?

उत्तर निःसंदिग्धपणे होकारार्थी आहे. ध्वज परका होता. तोफेत गोळा भरणारे हात मात्र याच मातीचे होते. त्या काळी या नौदलात कोकणातील, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील, दर्यावर्दी घरांतून भरती होत असे. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. कान्होजी आंग्र्यांच्या या किनाऱ्याला समुद्र नवा नव्हता. याच युद्धकाळात स्वातंत्र्यवीर सावरकर हिंदू तरुणांना भूदल, नौदल आणि वायुदलात शिरून शस्त्रविद्या हस्तगत करण्याचे आवाहन करीत होते. त्यांच्या भूमिकेवर त्या वेळी कठोर टीका झाली. परंतु फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईच्या 'तलवार' तळावरून नाविकांचा उठाव पेटला, तेव्हा परकीय सत्तेला कळून चुकले की शस्त्र हाती असलेला हिंदी माणूस आता आपल्या भरवशाचा राहिलेला नाही.

स्वातंत्र्यानंतर 'बंगाल' भारतीय नौदलातच राहिली. नौका तीच, खलाशी तेच. बदलला तो ध्वज. पराक्रमाला दिशा मिळाली ती तेव्हा.

रक्षक नौकेचा धर्म एकच : ज्याचे रक्षण करायचे त्याच्या आणि संकटाच्या मध्ये उभे राहणे. बळ किती आहे हा प्रश्न त्यानंतरचा. समाजाचे काम करणाऱ्या प्रत्येकाने 'बंगाल'कडून एवढे जरी घेतले, तरी त्या अनाम खलाशांचे ऋण काही अंशी फिटेल.