सुप्यात आपले स्वागत असो



प्रोस्टेट कॅन्सर आणि लिक्विड बायोप्सी या विषयावरील परिषद आमच्या गावी भरते आहे, याचा आम्हा सर्वांना मोठा अभिमान वाटतो. स्वागत समितीच्या वतीने आपले मनःपूर्वक स्वागत!

पुणे-नगर रस्त्याने जाणाऱ्याला सुपा म्हणजे एमआयडीसी आणि डोंगरमाथ्यावरच्या पवनचक्क्या एवढेच दिसते. पण हा पारनेर तालुका आहे. पाऊस कमी, जमीन मुरमाड, माणूस चिवट. पाणी अडवून गाव कसे उभे करावे, हे राळेगणसिद्धीने दाखवले. निघोजला कुकडी नदीने कातळात कोरलेले रांजणखळगे पाहिल्याशिवाय कृपया परतू नका.

आणि आमच्या तालुक्याचे दैवत म्हणजे सेनापती बापट. पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1880 रोजी पारनेरला झाला. शिष्यवृत्ती मिळवून ते एडिंबरोला शिकायला गेले आणि पुढे क्रांतिकारकांना जाऊन मिळाले. 1921 पासूनच्या, धरणाविरुद्धच्या मुळशी सत्याग्रहाने ते 'सेनापती' झाले. हे सगळे पुस्तकांत आहे. पण त्यांचा झाडू फारसा कुणाला आठवत नाही. एवढा शिकलेला माणूस पारनेरला परतला आणि गावाचे रस्ते, शौचकूप स्वतः साफ करू लागला. गावाचे आरोग्य ही त्यांना देशसेवाच वाटत होती. आजच्या परिषदेला त्यांचेच आशीर्वाद आहेत, अशी माझी श्रद्धा आहे.

मी डॉक्टर नाही. तयारीच्या बैठकांत आपल्यातील काही डॉक्टरांनी समजावले, ते सांगतो. कॅन्सरच्या गाठीतून पेशी आणि डीएनएचे तुकडे रक्तात उतरतात; ते शोधता येतात, हीच लिक्विड बायोप्सी. आजार हाडांत पसरलेल्या वृद्धाच्या हाडातून तुकडा काढणे जिकिरीचे; तिथे दंडातून घेतलेले रक्त उपयोगी पडते. बीआरसीए जनुकात दोष आढळला, तर ओलापॅरिबसारख्या औषधाचा विचार करता येतो. हा दोष शोधण्यासाठी अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 2020 मध्ये रक्तचाचणीला मान्यता दिली. आपल्या नाशिकच्या दातार कॅन्सर जेनेटिक्सच्या प्रोस्टेट चाचणीला 2022 मध्ये त्याच संस्थेने 'ब्रेकथ्रू डिव्हाइस' हा दर्जा दिला. तो अंतिम मान्यतेच्या अलीकडचा टप्पा आहे. रक्तात काही सापडले नाही म्हणजे आजार नाही असे नव्हे, आणि पहिले पक्के निदान अजून सुईने तुकडा घेऊनच करावे लागते, हेही त्या डॉक्टरांनी बजावले.

आमच्याकडचा म्हातारा माणूस लघवीची तक्रार घरातही सांगत नाही. कंबर धरली की मग दवाखाना. खास नळीत घेतलेले रक्त काही दिवस टिकते असे ऐकतो. मग त्याला पुण्याच्या खेपा कशाला? नमुना जाऊ द्या, माणूस घरी राहू द्या. ही चाचणी शेतकऱ्याच्या खिशाला कशी परवडेल, याचा विचार या दोन दिवसांत अवश्य व्हावा, एवढे एकच मागणे आहे.

परिषदेच्या व्यवस्थेत उणिवा आहेत. सर्वांची निवासाची सोय गावात होऊ शकली नाही. काहींना नगर आणि शिरूरहून ये-जा करावी लागते आहे. पाणी टँकरचे आहे, मंडपात ऊन लागते, वीज गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत थोडा खोळंबा होईल. जेवण साधे आहे: बाजरीची भाकरी, पिठले, ठेचा. या सगळ्याबद्दल मी हात जोडून क्षमा मागतो. काही कमी पडले तर रात्री-अपरात्रीही हाक मारा. आमची पोरे धावत येतील.

मंडपाचा खर्च उचलणारे एमआयडीसीतील उद्योजक, धान्य देणारे शेतकरी, कांद्याच्या गोण्या पाठवणारे व्यापारी, पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या बचत गटांच्या भगिनी, वर्ग मोकळे करून देणारे शिक्षक, पाहुण्यांसाठी घराच्या खोल्या उघडणारी कुटुंबे, टँकरचे चालक, ग्रामपंचायतीचे सफाई कर्मचारी आणि नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणारे आमचे वडीलधारे, या सर्वांचा मी ऋणी आहे.

आपली चर्चा फलदायी होवो. परिषदेचे पुढील कामकाज चालवावे, अशी अध्यक्षमहोदयांना विनंती करतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र!