सहलीची नाव आणि परवान्याचा कागद



शाळेने आम्हांला सातवीतच निरोप दिला. कायदा शिकलो तो युनियनच्या कचेरीत, शब्दकोश मांडीवर घेऊन. तेव्हा वकिली डौलाची अपेक्षा आपण ठेवू नये.

हौशी नौकांचा परवाना हा पैसेवाल्यांचा विषय, तेथे कामगार पुढाऱ्याचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण नाव मालकाची असली तरी सुकाणू बहुधा नोकराच्या हाती असते.

नद्या-तलावांतील यांत्रिक नौकांना आपल्याकडे १९१७ चा कायदा लागू होता. तो मुळात वाफेच्या बोटींसाठी केलेला. त्याच्या जागी २०२१ साली अंतर्देशीय जलयान कायदा आला. आता एका राज्यातील नोंदणी साऱ्या देशात चालते, नौकांची माहिती एका मध्यवर्ती दप्तरात जाते, विमाही सक्तीचा आहे. वल्ह्यांच्या नावांचीही दखल कायद्याने घेतली आहे. हे सारे चांगलेच आहे.

आणि तरीही ७ मे २०२३ रोजी केरळात तानूर येथे सहलीची नाव उलटून २२ जीव गेले. नाव मूळची मासेमारीची. फेरफार करून तिला सहलीची केलेली, आणि वर माणसे खच्चून भरलेली. पुढच्याच जानेवारीत बडोद्याच्या हरणी तलावात १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या. नवा कायदा तोवर पुस्तकात आलेला होता!

एका तलावावरचा तरुण नावाडी आमच्याकडे आला होता. नावेवर पाटी बाराची. रविवारी गर्दी उसळली, मालक म्हणाले, अठरा घे. त्याने नाव सोडलीच नाही. सोमवारी त्याला सांगण्यात आले, उद्यापासून येऊ नकोस. आम्ही मालकांना भेटलो. त्यांनी चहा मागवला आणि कागद पुढे ठेवले. परवाना, तपासणीचा दाखला, विमा, सगळे खरोखरच चोख होते. त्या अठरा माणसांचा उल्लेख तेवढा कोठे नव्हता.

त्याला परत घ्यायला लावण्यात आमचे अकरा आठवडे गेले. पगारवाढ मागितली नाही. नावेत किती बसले हे मोजण्याचा आणि जास्त झाले तर नाव न सोडण्याचा अधिकार त्याचा राहील, एवढेच लिहून घेतले. मालकांनी सही केली, जरा कुरकुरतच.

यंदा सुट्टीत मुलांना नावेत बसवाल, तेव्हा पाटीवरचा आकडा पाहा आणि डोकी मोजा. जास्त भरली तर आपण होऊन उतरा. नावाडी तोंडाने काही बोलणार नाही. त्याला दुसऱ्या दिवशी कामावर यायचे असते.