बालसंगोपनाचें पहिलें पाऊल
(धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवी सभेंत केलेलें भाषण)



रौप्यमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें गत पंचवीस वर्षांचा वृत्तांत सांगावा, अशी रीत आहे. तो वृत्तांत आपणांस ह्या स्मरणिकेंत अन्यत्र वाचावयास मिळेल. मला आज एका वेगळ्याच गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे. गेल्या महिन्यांत आपल्यापैकीं एक मुलगी माझ्याकडे आली व म्हणाली, "फादर, मला लहान मुलांच्या संगोपनाचें शिक्षण घ्यायचं आहे." तिच्यामागें तिचे वडील उभे होते. ते म्हणाले, "फादर, पोरं सांभाळायला कॉलेज कशाला? हिच्या आजीनं आठ वाढवलीं. ती कोणत्या कॉलेजांत गेली होती?"

प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तर देणें हेंच माझ्या भाषणाचें प्रयोजन होय.

प्रथम माझाच एक प्रमाद सांगतों. मला दीक्षा मिळून थोडेच दिवस झाले होते, तेव्हां एका खेड्यांत आम्हीं बालवाडी चालविली होती. शिकविणारी मुलगी मोठी मायाळू. मुलें तिला बिलगून असत. तीन वर्षांचीं मुलें शंभरपर्यंत अंक घडाघडा म्हणत, आणि पाहुणे आले कीं मी ते मोठ्या अभिमानानें म्हणवून घेई. त्यांत एक मुलगा होता. तो कधींच कांहीं म्हणत नसे, हाक मारली तरी वळून पाहत नसे. आम्हीं त्याला हट्टी ठरविलें. मीं स्वतः त्याला दोनदां कोपऱ्यांत उभें केलें.

पुढें बालशिक्षणाचा अभ्यासक्रम करीत असलेली एक विद्यार्थिनी पंधरा दिवसांसाठीं तेथें आली. ती मुलांत जमिनीवर बसे आणि वहींत लिहीत राही. ह्याखेरीज पहिल्या आठवड्यांत तिनें कांहीं केलें नाहीं. मला मनांतून तिचा रागच आला. आठव्या दिवशीं तिनें ती वही माझ्यापुढें ठेविली. त्या मुलाच्या नांवाखालीं लिहिलें होतें: समोरून बोललें कीं तोंडाकडे पाहतो; मागून बोललें तर वळत नाहीं; ताट पडलें, सर्व मुलें दचकलीं, हा दचकला नाहीं. त्या बालकास ऐकूं येत नव्हतें. आणि त्याबद्दल आम्ही त्याला वर्षभर शिक्षा करीत होतों. प्रेम आमच्यापाशीं पुष्कळ होतें. मुलाकडे पाहावें कसें, हें मात्र आम्हांपैकीं कोणी शिकलें नव्हतें.

आतां आजीविषयीं. तिचें ज्ञान मी तुच्छ मानीत नाहीं. तिचीं अंगाईगीतें, तिच्या गोष्टी, तिची मांडी, ह्यांची जागा कोणतेंही पुस्तक घेऊं शकणार नाहीं. परंतु बाळंतिणीचें पहिलें चिकाचें दूध पिळून टाकावें, हेंही कित्येक आज्याच सांगत आल्या. आणि तेंच दूध बाळाचें रोगांपासून रक्षण करतें, हें आज वैद्यकशास्त्र सांगतें. शिवाय आजी तरी प्रत्येक घरीं कोठें आहे? दसरा-दिवाळी झाली कीं आपल्या जिल्ह्यांतील कित्येक कुटुंबें ऊसतोडीला जातात. मुकादमाच्या हिशेबांत नवराबायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याबरोबर जाणारें दोन वर्षांचें मूल कोणाच्याच हिशेबांत नसतें. तें उसाच्या फडांत पाचटावर झोपतें, आणि त्याला सांभाळावयास असते त्याची सात वर्षांची बहीण.

हें शास्त्र परक्यांचें आहे, असें कोणी समजूं नये. रोममधील एका दरिद्री वस्तींत १९०७ सालीं पहिलें बालगृह उघडणाऱ्या डॉ. मारिया मॉंटेसरी १९३९ सालीं मद्रासजवळ अड्यार येथें आल्या व त्यांनीं आपल्या देशांतील शिक्षकांस शिकविलें. पण त्यापूर्वींच, १९२० सालीं, भावनगरास गिजुभाई बधेका ह्यांनीं बालमंदिर सुरू केलें होतें. हे गृहस्थ पेशानें वकील! लोक त्यांस कौतुकानें 'मिशाळ आई' म्हणत. (मागच्या बाकांवरील तरुणांनीं हसूं नये, हें काम केवळ मुलींचें आहे, असें मीं अद्याप म्हटलेलें नाहीं.)

त्यांच्या सहकारी आपल्या ताराबाई मोडक. १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें खेड्यांतील बालशिक्षणास आरंभ केला. मॉंटेसरींचीं महाग साधनें खेड्याला परवडणारीं नव्हतीं. ताराबाईंनीं शिंपले, बिया, पानें व खडे हातीं घेतले. गरीब वस्तींतील मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथून आला. बोर्डीसच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालपणींच विवाह होऊन कांहीं महिन्यांत वैधव्य आलेली ही स्त्री पुढें १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठीं झटली. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं ह्या दोघींनीं कुरणशाळाही काढली. फडांतील मुलांचा प्रश्न आपल्यापुढें आहे. कुरणापर्यंत शाळा जाऊं शकते, तर फडापर्यंत कां नाहीं, ह्याचा विचार ज्यांनीं करावयाचा तीं माणसें शिकून तयार व्हावयास हवींत.

२ ऑक्टोबर १९७५ रोजीं एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली, आणि अंगणवाडी हें नांव देशभर गेलें.

प्रारंभींच्या अभ्यासक्रमांत शिकवितात तरी काय? मूल कोणत्या महिन्यांत बसतें, कधीं बोलतें, आणि बोलत नसेल तर किती वाट पाहावी. वजन व उंची कशी नोंदवावी. सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला, तर तें तीव्र कुपोषण समजून त्वरित आरोग्यकेंद्रांत न्यावें. लसी, अपघात, प्रथमोपचार. खेळ हा अभ्यासाचा शत्रु नसून त्या वयाचा अभ्यासच आहे. आणि आपल्या भागांत फार महत्त्वाचें म्हणजे भाषा. तांड्यावरचें बंजारा मूल घरीं एक बोली बोलतें, बाई दुसरी बोलते. तें गप्प बसलें, तर त्याला मंद म्हणावयाचें कीं त्याच्या बोलींतले चार शब्द आपण शिकावयाचे?

वाटा फार दूर नाहींत. १९९९ पर्यंत आपण ज्या परभणी जिल्ह्यांत होतों, तेथील कृषी विद्यापीठाच्या महाविद्यालयांत मानव विकास हा विषय शिकवितात. पूर्वीं त्या महाविद्यालयास गृहविज्ञान म्हणत, आतां सामुदायिक विज्ञान म्हणतात. घर सोडतां येत नसेल, तर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका बारावीनंतर घरीं राहून करतां येते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही बारावी झालेल्या अंगणवाडी सेविकांस सहा महिन्यांचा व त्याहून कमी शिकलेल्यांस एक वर्षाचा अभ्यासक्रम सांगितला आहे. म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचें उत्तर शासनानेंही दिलेंच आहे.

एक गोष्ट लपवूं इच्छीत नाहीं. ह्या कामांत पैसा थोडा आहे. अंगणवाडी सेविकेस मिळतें त्याला वेतन म्हणत नाहींत, मानधन म्हणतात, आणि त्या एका शब्दापायीं त्या भगिनींना कितीदां रस्त्यावर उतरावें लागलें, हें आपण पाहिलें आहे. २५ एप्रिल २०२२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्या ग्रॅच्युइटीस पात्र आहेत असा निर्णय दिला, तो पुष्कळ उशिरा आला. तेव्हां, मुलींनो, "सेवा आहे, पैशाचें काय!" असें मी म्हणणार नाहीं. माझ्या पोटाची सोय धर्मप्रांत करतो, तुमची नाहीं. शिक्षण घ्या, प्रमाणपत्र जपून ठेवा, आणि आपल्या कामाचा मोबदला मागतांना लाजूं नका.

त्या मुलीचे वडील आज सभेंत बसले आहेत. त्यांनीं मला अद्याप होकार दिलेला नाहीं. रविवारीं मिस्सा झाल्यावर मी सभागृहांत दोन तास बसणार आहें. अभ्यासक्रमांचीं माहितीपत्रकें व अर्ज तेथें असतील. गुणपत्रिका घेऊन या. वडिलांनाही घेऊन या. त्यांच्यासाठीं चहा ठेविला आहे.