नूरसाहेबांना विचारले, इम्तियाज बेगमला कोण विचारणार?

(युवा अभ्यासवर्गात ‘मुहाफिज’ हा चित्रपट दाखवल्यानंतर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

दोन तास तुम्ही एक संथ सिनेमा पाहिलात, त्याबद्दल आधी शुक्रिया. मध्येच काही जणांचे मोबाइल बाहेर आले, ते मी पाहिले. रागावत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही कंटाळा आला होता. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा मात्र रात्रभर झोप लागली नाही. त्या दोन वेळांच्या मध्ये माझ्या घरात काय घडले, तेच आज सांगायचे आहे.

काही जण उशिरा आले, म्हणून गोष्ट थोडक्यात सांगते. देवेन हा छोट्या गावातल्या कॉलेजात हिंदी शिकवणारा प्राध्यापक. पोटासाठी हिंदी, पण जीव उर्दूवर. एका उर्दू मासिकाचा संपादक त्याला नूर शाहजहानाबादी या म्हाताऱ्या शायराची मुलाखत घ्यायला भोपाळला पाठवतो. लहानपणापासून ज्यांचे शेर पाठ, ते नूरसाहेब प्रत्यक्ष भेटणार म्हणून देवेन हरखतो. समोर येतो तो मात्र सुजलेला, थकलेला माणूस. भोवती फुकटात खाणारे-पिणारे दोस्त, घरात दोन बायकांची भांडणे. देवेन कसाबसा टेपरेकॉर्डर मिळवतो, मोठ्या खटपटीने बैठक जमवतो, आणि टेपवर काय येते? खाण्याच्या फर्माइशी, जुने किस्से, गोंधळ. शायरी थोडीच. अखेरीस नूर यांचा जनाजा निघतो.

ही मूळ कादंबरी अनिता देसाई यांची, 1984 साली इंग्रजीत आलेली. इस्माईल मर्चंट या मुंबईत जन्मलेल्या निर्मात्याने 1993 मध्ये तिच्यावर उर्दूत चित्रपट केला. दिग्दर्शक म्हणून त्यांची ही पहिली फीचर फिल्म. नूर यांच्या तोंडी आहे ती फैज अहमद फैज यांची शायरी. नूर झालेत शशी कपूर, देवेन झालेत ओम पुरी.

आता मुद्द्यावर येते. शशी कपूर म्हटले की आपल्याला देखणा, हसरा हीरो आठवतो. इथे त्यांनी आपले वाढलेले शरीर लपवलेले नाही. जिना चढताना धाप लागते, बसले की उठवत नाही. मला हे फार मोलाचे वाटते. आपल्याला बुजुर्ग हवे असतात ते भिंतीवरच्या फोटोतले, स्वच्छ शेरवानीतले, चांगलेच बोलणारे. खरा म्हातारा कलावंत हट्टी असतो, खादाड असतो, कधी खोटेही बोलतो. त्याची शायरी मोठी आणि तो घरात लहान, असेही असू शकते. देवेनला हे पचत नाही. आपल्याला पचवता आले पाहिजे. आदर करायचा, पण डोळे मिटून नाही. आपली चळवळ हेच तर सांगत आली आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. उर्दू संपली म्हणून नूर कळवळतात. ते दुःख खरे आहे. पण आपण इथे मराठीतून बोलतोय. आपल्या घरांत दखनी आहे, कोकणी आहे, कुठे नुसती मराठीच आहे. मुसलमानाची जबान म्हटले की उर्दूच, असे आपणच धरून चाललो, तर आपल्या आजीची बोली कुणाच्याच यादीत राहणार नाही. उर्दूसाठी हळहळणारे पुष्कळ भेटतात. सोलापूरच्या दखनीसाठी कोण हळहळते?

आणि आता तिसरी, ज्यासाठी मी मुळात उभी राहिले. इम्तियाज बेगम. नूर यांची दुसरी बायको. शबाना आझमींनी ती केली आहे. ती स्वतः शायरा आहे. मैफलीत ती गाते तेव्हा पाहा, देवेनचा चेहरा कसा आंबतो. त्याला वाटते, ही बाई नवऱ्याची जागा बळकावतेय, त्याचीच नक्कल करतेय. एवढी धावपळ करून त्याने टेपरेकॉर्डर मिळवला, पण तिच्यासमोर ठेवावा, असे त्याच्या मनातही येत नाही.

कादंबरीत तर ती देवेनला पत्र लिहिते. सोबत आपल्या कविता पाठवते आणि विचारते, मी बाई आहे म्हणून तुम्ही माझे वाचणारच नाही का? देवेन वाचत नाही. तेवढी हिंमत त्याच्यात नाही. तो कागद फाडून टाकतो.

देवेन वाईट माणूस नाही. सज्जन आहे, गरीब आहे, शायरीवर जीव टाकणारा आहे. म्हणूनच मला भीती वाटली. कारण मीही तेच केले होते.

माझे नाना सोलापुरात यंत्रमागावर कामाला होते. रात्री शेर लिहायचे. लिपी उर्दू, भाषा अर्धी दखनी. मोहल्ल्यातल्या मुशायऱ्यांत वाचायचे, छापून मात्र काही आले नाही. मी कॉलेजात असताना ते फार थकले. मला वाटले, यांचा आवाज राहायला हवा. मैत्रिणीचा टेपरेकॉर्डर आणला आणि तीन दुपारी त्यांच्यासमोर बसले. दोन कॅसेट भरल्या. नानी तिथेच, दारापाशी, मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. तिचे रोजचे काम. आमचे घर निम्मे त्या विड्यांवरच चालायचे.

नाना एका मुशायऱ्याचे साल चुकले. नानीने मान वर न करता बरोबर साल सांगितले. मग नाना एका शेरात अडकले, दुसरी ओळ आठवेना. नानीने तीही म्हणून दाखवली. मी वैतागून म्हणाले, “ए नानी, ठैरो ना जरा, टेप चालू है.” ती म्हणाली, “हौ, हौ, चलने दे.” आणि गप्प बसली.

सहा महिन्यांनी नाना गेले. नानी त्यानंतर अकरा वर्षे होती. हळदीच्या रात्री ढोलक घेऊन तीच गायची. किती गाणी तिला येत होती, ती कुणी रचली, तिने स्वतः किती रचली, मी कधी विचारले नाही. अकरा वर्षांत एक दुपारही मी तिच्यासमोर टेप ठेवला नाही. आज तिच्या आवाजाचे माझ्याकडे काय आहे? एक साल, शेराची एक ओळ आणि “हौ, हौ, चलने दे.”

नानी गेली त्याच वर्षी मी हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला. का झोप लागली नाही, ते तुमच्या लक्षात आले असेल.

मघाशी चहाच्या वेळी एका मुलाने मला विचारले, “पण आपा, आमची दादी कुठे कलाकार आहे?” प्रश्न चांगला आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी पुण्याहून काम करत महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त! त्या म्हणणाऱ्या बायकांना कुणी कलाकार म्हणत नव्हते, त्या स्वतःलाही म्हणत नव्हत्या. विजापूरच्या सूफी परंपरेत ‘चक्कीनामा’ नावाचा काव्यप्रकार होता, दळताना बायकांनी म्हणायची दखनी गाणी. म्हणजे तीनशे-चारशे वर्षांपूर्वीच्या सूफींना ठाऊक होते की कविता जात्यापाशीही असते. आपण शिकलो आणि ते विसरलो.

काही बायकांनी विचारण्याची वाट पाहिली नाही. मेहरुन्निसा दलवाईंनी ‘मी भरून पावले आहे’ हे आत्मचरित्र लिहिले, म्हणून हमीद दलवाईंचे घर, त्यांचे आजारपण, चळवळीच्या मागे चाललेला संसार आपल्याला कळतो. मलिका अमर शेख या शाहीर अमर शेखांची मुलगी, नामदेव ढसाळांची पत्नी आणि स्वतः कवयित्री. त्यांनी ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ लिहिले, तेही 1984 सालीच. तिकडे कादंबरीतली शायरा ‘माझे वाचाल का’ असे विचारत होती, इकडे मराठीत एक खरी कवयित्री कवीच्या घरात जगणे काय असते ते स्वतःच सांगत होती.

18 एप्रिल 1966. मुंबईत विधान भवनावर सात मुस्लिम महिलांचा मोर्चा निघाला, तोंडी तलाकच्या विरोधात. मोर्चा कुणी काढला विचारले तर तुम्ही सगळे हमीद दलवाईंचे नाव घ्याल, ते बरोबरच आहे. आता त्या सात जणींची नावे सांगा.

(सभागृहात शांतता)

पाहा. म्हणजे देवेन फक्त पडद्यावर नाही.

म्हणून तुम्हाला एक काम देते. देवेनला टेपरेकॉर्डरसाठी वणवण करावी लागली, तुमच्या प्रत्येकाच्या खिशात तो आहे. सुट्टीत घरी जाल तेव्हा आजीजवळ बसा. आधी तिची परवानगी घ्या. नाही म्हणाली तर नुसते ऐका. “काहीतरी सांग” असे म्हणू नका, ती म्हणेल, मला काय येते? नेमके विचारा. शाळा कितवीत सुटली? पहिली मजुरी किती मिळाली, ती कुणाच्या हातात गेली? निकाहाच्या वेळी तुला कुणी विचारले होते का? मेहर किती होती, मिळाली का? दंगलीच्या दिवसांत कुणाच्या घरी राहिलात? आणि शेवटी, कोणती गाणी येतात?

ती मध्येच आजोबांबद्दल बोलू लागेल. बोलू द्या, पण परत तिच्याकडे या. तिची बोली सुधारू नका. दखनी असेल तर दखनीच ठेवा. तारीख, गाव, नाव लिहून ठेवा. फाइल दोन ठिकाणी जपा, कारण मोबाइल हरवतात. आणि तिला न विचारता व्हॉट्सॲपवर टाकू नका. काही गोष्टी तिने फक्त तुम्हाला सांगितलेल्या असतात.

तिने आपल्याला न पटणारे काही सांगितले तर? सांगेलच. बुरख्याबद्दल, जातीबद्दल, सुनेबद्दल. तेव्हा वाद घालू नका. वाद घालायला आपल्याकडे अभ्यासवर्ग आहेत. तिथे ऐकायचे.

मुहाफिज म्हणजे राखण करणारा. देवेनला वाटले, आपण एका मोठ्या शायराचे मुहाफिज झालो. त्याच घरातली दुसरी शायरी मात्र त्याने गमावली. पुढच्या अभ्यासवर्गाला येताना प्रत्येकाने एक आवाज घेऊन यायचे आहे, आणि त्या आवाजाची परवानगीही. मी नानीची ती कॅसेट घेऊन येईन. अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नाही, पण आपण सगळे मिळून ऐकू.