रंधा, पटाशी आणि बदलापूरचा पाऊस

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात फिरून आल्यावर आपणही घरी एखादं स्टूल करावं, असं वाटतंच. मात्र आपल्या बदलापूरकडची हवा आधी समजून घ्या. मे महिन्यात चपखल बसवलेला खण जुलैत उघडत नाही. लाकूड ओलावा पिऊन रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून फळी आणली की मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे घरातच रचून ठेवा. रुंद फळी खालच्या आडव्या पट्टीला स्क्रूने आवळताना त्या पट्टीतलं भोक लांबट ठेवा, नाहीतर फळी तडकते.

प्लायवूडला हा त्रास कमी, कारण त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. हे पातळ थर ओंडका फिरवत सोलतात; हीच युक्ती काडेपेटीच्या धंद्यातही चालते. अंबरनाथकरांना काडेपेट्यांचा विम्को कारखाना आठवत असेलच.

करवत, रंधा, पटाशी, गुण्या, दोन शिकंजे एवढ्यावर भागतं. महागड्या यंत्रांची घाई नको. पटाशीला धार हवीच. बोथट पटाशीला जोर लागतो आणि तीच घसरते. दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवा. पावसाळ्यात पात्यांना शिलाईयंत्राचं तेल लावा, आणि ओल्या गॅलरीत विजेचा कटर मुळीच चालवू नका.